लाथ कोण मारतं, बंदूक की भीती?



गेल्या आठवड्यात आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. हत्तीच्या शिकारीची भलीमोठी रायफल, आणि ती एकामागून एक उडवून बघणारे हौशी लोक. कुणी मागे दोन पावलं धडपडतो, कुणाच्या हातातून रायफल उडून जमिनीवर पडते, एकजण तर बसतोच. खाली हसण्याच्या चित्रांची रांग. मग ठरलेले शेरे: "आमची एसएलआर अशीच लाथ मारायची, आम्ही हूं की चूं केलं नाही." "आताच्या पोरांना इन्सासचं खेळणं दिलंय." "थ्री नॉट थ्री उडवली असती तर कळलं असतं."

मी काही लिहिलं नाही. पण ते हसणं डोक्यात राहिलं, कारण मी स्वतः असं हसलेलो आहे आणि त्याचं ओझं अजून उतरलेलं नाही. ते शेवटाकडे सांगतो. आधी रायफलचं.

२०१८ च्या हिवाळ्यात मी कुमाऊंमध्ये पोस्टिंगला होतो. तिथे तराईत शेती करणारे एक रिटायर्ड कर्नलसाहेब ओळखीचे झाले. त्यांच्या आजोबांची .४७० नायट्रो एक्स्प्रेस, दोन नळ्यांची इंग्लिश रायफल, त्यांनी लायसनवर जपून ठेवली आहे. वजन साधारण पाच किलो. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गेली, आणि गेली ते बरंच झालं. वाघ मारून फोटो काढणाऱ्यांबद्दल मला कधी आपुलकी वाटली नाही. पण हत्यार म्हणून ती वस्तू बघण्यासारखी आहे. काडतूस हातात घेतलं तर मधल्या बोटापेक्षा लांब, आणि गोळी बत्तीस ग्रॅमची. थ्री नॉट थ्रीची गोळी अकरा ग्रॅमची असते, इन्सासची चार.

साहेब मला रायफल क्लबच्या जुन्या रेंजवर घेऊन गेले. तीन काडतुसं आणली होती. ही काडतुसं आता सोन्याच्या भावाने मिळतात, त्यामुळे मी नको नको म्हणत होतो. साहेब म्हणाले, "सुभेदार साब, बीस साल आपने लोगों को फायर सिखाया है. एक बार ये भी देख लो."

पन्नास यार्डांवर कागद लावला. मी सवयीने खाली झोपायला लागलो तर त्यांनी हात धरून उभं केलं. म्हणाले, लेटून उडवाल तर कॉलरबोन जाईल. उभ्या माणसाचं शरीर धक्क्याबरोबर मागे झुलतं, पाय ते वजन खातात. झोपलेल्या माणसाला मागे जायला जागाच नसते, सगळा हिशेब खांद्यावर चुकता होतो. वीस वर्षं मी पोरांना लेटूनच सुरुवात करून देत आलो, आणि ही गोष्ट इतक्या सरळपणे मला कुणी सांगितली नव्हती.

पहिला राउंड उडवला. धक्का बसला म्हणण्यापेक्षा, कुणीतरी दार उघडून मला मागच्या खोलीत ढकललं असं वाटलं. नळ्या आभाळाकडे गेल्या. दुखलं वगैरे काही कळलं नाही. कागदावर भोक मधोमध, बोटभर उजवीकडे.

दुसरा राउंड. आता मला माहीत होतं काय येणार आहे. पकड घट्ट, शिस्त बरोबर, श्वास रोखलेला, सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. ट्रिगर दाबला आणि गोळी कागदाच्या खालच्या कडेला लागली. मधापासून टीचभर खाली.

साहेब काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, "झटका दिया साब." म्हणजे गोळी सुटायच्या आधीच माझा खांदा पुढे गेला, डोळे मिटले आणि मनगट आवळलं. फ्लिंच. वीस वर्षांचा उस्ताद, छातीवर मेडल, आणि दुसऱ्याच गोळीला रंगरूट झालो.

त्या रात्री मेसमध्ये बसून मी वहीत हिशेब मांडला. शिकलेला माणूस नाही, पण गतीचे नियम शाळेत शिकलोय आणि काडतुसांचे आकडे छापलेले मिळतात. गोळी आणि दारूचा वायू पुढे जातो, तेवढाच जोर रायफलला मागे ढकलतो. .४७० ची पाच किलोची रायफल सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर वेगाने मागे येते. म्हणजे पाच किलोचं वजन खांद्याइतक्या उंचीवरून सोडलं तर खाली येईपर्यंत जो वेग घेईल, तो. थ्री नॉट थ्रीचं तसंच केलं तर हातभर उंचीवरून पडलेलं चार किलोचं वजन येतं. एसएलआर जवळपास तिथेच, थोडी कमीच. इन्सास चार बोटं. आणि .६०० नायट्रो एक्स्प्रेस नावाची जी हत्तीची रायफल असते, सात किलोची, ती पुरुषभर उंचीवरून.

तेव्हा एसएलआरवाल्या मित्रांनो, आपली लाथ हातभराची होती. व्हिडिओतल्या माणसाला हसताना एवढं ध्यानात ठेवा.

पण त्या वहीत मला खरी गोष्ट सापडली ती दुसरीच. गोळी नळीतून बाहेर पडायला दीड-दोन हजारांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळात .४७० सुद्धा मागे सरकते ती फार तर अर्धा सेंटीमीटर. थ्री नॉट थ्री दोन मिलिमीटर. खांद्याला दणका बसून नळी वर जाते तेव्हा गोळी कधीच गेलेली असते. माणसाला काही जाणवून त्यावर हालचाल करायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. म्हणजे त्या गोळीच्या धक्क्याने त्याच गोळीचा नेम तुम्ही बिघडवूच शकत नाही. बिघडतो तो आधी, धक्क्याची वाट बघताना.

नळी त्या दीड हजारांशात हलतच नाही असं मात्र नाही. दोन नळ्यांच्या रायफलीत उजवी नळी उडाली की रायफल उजवीकडे वळू लागते, डावी उडाली की डावीकडे. म्हणून कारागीर त्या दोन नळ्या पुढे किंचित आत झुकवून जोडतो, आणि मेणबत्तीवर नाही, रेंजवर, गोळ्या उडवून उडवून तो झुकाव ठरवतो. धक्का धरूनच नेम बसवलेला असतो. काडतूस बदललं की सगळं गणित फिसकटतं. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मला त्या शंभर वर्षांपूर्वीच्या अनोळखी कारागिराचा हेवा वाटला. त्याने धक्का नाकारला नाही, मोजून हिशेबात घेतला.

आकड्यांपलीकडे उरतो तो जाणवणारा धक्का, आणि तो वहीत मांडता येत नाही. बट लांब असली की खांद्याच्या खळग्यात बसत नाही, दंडावर सरकते. गाल नीट टेकला नाही की हिरडीत मार बसतो. बटचं टोक अरुंद असलं की तेवढाच जोर दोन बोटांच्या जागेत घुसतो. वजनदार रायफल धक्का खाते. म्हणून साहेबांची पाच किलोची, पहाड चढताना शिवी घालावीशी वाटणारी रायफल, उडवताना दयाळू असते. आणि सगळ्यात मोठा भाग आवाजाचा. तोंडासमोर एवढा स्फोट झाला की शरीर तो खांद्यावरच लागला असं समजतं. हे तपासून बघा: तीच रायफल, तोच माणूस, कानात नीट बोळे घातलेले आणि न घातलेले. दोन वेगळ्या बंदुका वाटतात. कार्ल गुस्ताफ चालवलेल्यांना सांगायला नको. नाव रिकॉइललेस, खांद्यावर काही नाही, पण छातीत असा दणका की दात वाजतात.

कुमाऊंमध्ये राहून कॉर्बेटचं नाव निघणारच. १९०७ मध्ये चंपावतची वाघीण त्याने मारली, त्याबद्दल तिथल्या लाटसाहेबाने त्याला .२७५ ची रिग्बी रायफल भेट दिली. आपल्या एसएलआरच्या आसपासचाच धक्का असेल तिचा. त्याच्याकडे .४५०/४०० ची दोन नळ्यांची जड रायफलही होती आणि तो ती वापरायचाही. पण १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या, ज्याने शंभरावर माणसं खाल्ली, तो पडला या हलक्या रिग्बीच्या एका गोळीने, रात्रीच्या अंधारात. आणि कॉर्बेटला सगळ्यात मोठी जखम झाली ती वाघाकडून नाही. १९२९ मध्ये हत्तीवरून शिकार चालली असताना शेजारच्याने त्याच्या कानाजवळ जड रायफल उडवली आणि कानाचा पडदा गेला. पुढे तल्ला देसच्या वाघिणीमागे तो त्याच सुजलेल्या, पू झालेल्या डोक्याने फिरत होता. हाच माणूस दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना जंगलात कसं लढायचं ते शिकवत होता, तेव्हा तो आपल्याच जातकुळीतला.

आफ्रिकेतले त्याच्या आधीचे शिकारी तर आणखी मोकळेपणाने बोलले आहेत. सॅम्युअल बेकरकडे अर्धा पौंडाचा गोळा फेकणारी एक बंदूक होती. त्याचे अरब साथीदार तिला तोफेचं पोर म्हणायचे. बेकर म्हणजे धिप्पाड गडी, पण ती उडवली की आपण भोवऱ्यासारखे फिरतो आणि ती उडवायची भीती वाटते, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. फ्रेडरिक सेलूस तरुणपणी चार बोअरच्या बंदुकीने हत्ती मारायचा. पौंडाच्या शिशात चार गोळ्या बसतील एवढा तिचा घेर, आणि दारू मुठीने भरायची. पुढे त्याने लिहिलं की त्या बंदुकांशी आपला संबंध आला नसता तर बरं झालं असतं, त्यांनी आपल्या मज्जातंतूंवर असा परिणाम केला की तो पुढेही राहिला. आणि कारामोजो बेल. हजाराच्या आसपास हत्ती, त्यातले बहुतेक त्याच हलक्या सात मिलिमीटर जातीच्या रायफलीने. हत्तीच्या कवट्या चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते त्याने बघून ठेवलं होतं. हत्ती मारण्यात मला काही गौरव दिसत नाही, पण हत्यार चालवणाऱ्या माणसाचं डोकं कसं चालतं ते त्यात दिसतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मोठा बोअर म्हणजे नुसती मर्दुमकीची हौस नव्हे. दहा पावलांवरून अंगावर येणारा जखमी गवा किंवा हत्ती थांबवायचा असेल तर तिथे नाजूक नेमाला वेळ नसतो, तिथे जड गोळीच लागते. बेलसारखा हात आणि बेलसारखी उघडी माळरानं सगळ्यांना मिळत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की जड रायफल कामासाठी घ्यावी लागते, आणि तिचा धक्का ही त्या कामाची किंमत आहे. तो काही तिचा गुण नाही.

(जाता जाता: या रायफलींचे आकडे असे .४६५, .४७०, .४७५ विचित्र का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने हिंदुस्थानात .४५० ची आयात बंद केली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या, आणि शिकाऱ्यांच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील अशी धास्ती. मग लंडनच्या कारखान्यांनी आपल्या देशासाठी जवळपासची नवी मापं काढली. लायसनच्या कागदावरचा 'प्रोहिबिटेड बोअर' हा शब्द आपल्याकडे त्याच मुळातून आलेला.)

आता ते ओझं.

मी तरुण हवालदार होतो, एका ट्रेनिंग सेंटरला उस्ताद म्हणून. रंगरूटांची रायफल एसएलआर. माझ्या स्क्वाडमध्ये एक पोरगा होता, आपल्याच माणदेशाकडचा, धावण्यात पहिला, दोरावर माकडासारखा. फायरिंगमध्ये मात्र शून्य. गोळ्या मातीत. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "का रे, बायकोसारखा डोळे मिटतोस?" स्क्वाड हसली. मीही हसलो. मग फ्रंट रोल, मग रायफल डोक्यावर धरून रेंजला चक्कर. पुढच्या फायरला त्याच्या गोळ्या आणखी खाली. पुन्हा हसणं. तो एकदाही "उस्ताद, लागतंय" म्हणाला नाही. कसा म्हणेल? मी ते म्हणण्याचा रस्ता बंद करून टाकला होता.

तो रेलिगेट झाला, सहा महिने मागे गेला. त्यानंतर एका सकाळी नळावर अंघोळ करताना मला त्याचा खांदा दिसला. खांद्यापासून दंडापर्यंत काळानिळा, कडेला पिवळा. लहानपणी चिंचेवरून पडून कॉलरबोन मोडलं होतं, वाकडं जुळलं होतं. खळग्यात बट बसायची नाही, म्हणून तो ती दंडावर घ्यायचा. मेडिकलमध्ये बाहेर काढतील म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. घरी कोरडवाहू दोन एकर आणि पाठीवर तीन बहिणी.

मी रिपोर्ट केला नाही. बरोबर केलं की चूक, आजही सांगता येत नाही. पण त्याच्याशी बोललोही नाही, ती मात्र चूकच होती. पुढच्या बॅचचे उस्ताद गढवाली होते, वयाने मोठे. त्यांनी त्याला वेगळं घेतलं. बट किती आत घ्यायची, कोपर किती वर उचलायचं म्हणजे त्या वाकड्या हाडातही जागा होते, हे तासन् तास रिकाम्या रायफलवर करून घेतलं. मग त्याच्या मॅगझिनमध्ये न सांगता डमी राउंड मिसळले. ट्रिगर दाबला, राउंड उडाला नाही, तरी नळी खाली गेली. पोराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की बंदूक काही करत नाहीये, हे सगळं आपण करतोय. कुणी हसलं नाही, कारण उस्ताद हसले नव्हते. तो पास झाला. मी ते लांबून बघितलं आणि ती युक्ती चोरली. पुढची सगळी वर्षं तीच वापरली. त्या पोराला मात्र सॉरी म्हणायचं राहून गेलं ते गेलंच.

हे आत्ताच का लिहितोय? कारण इन्सासवर शिकलेल्या पोरांच्या हातात २०१९ च्या शेवटापासून सिग ७१६ यायला लागली, ७.६२ बाय ५१, म्हणजे काडतूस पुन्हा आपल्या एसएलआरचंच, आणि रायफल तिच्यापेक्षा हलकी. चार बोटांवरून परत हातभरावर. ग्रुपवरचे आमचे मित्र खूश आहेत, "आता कळेल पोरांना." मला वाटतं कळू नये. कळायच्या आधी त्यांना सांगितलं जावं. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, ट्रिगर ऑपरेशन हे सगळं आपण पाठ करून घेतो, पण धक्का काय असतो, कधी येतो, गोळी त्याआधी किती निघून गेलेली असते, हे किती उस्ताद सांगतात? मी सुद्धा पन्नाशीला टेकल्यावर मेसच्या वहीत शिकलो.

कानांचंही तेच. उजव्या खांद्याने उडवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून आमच्या पिढीतल्या बहुतेकांचा डावा कान आधी जातो. माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते, रात्री जास्त. बायको डाव्या बाजूने हाक मारत नाही. कापसाचे बोळे बायकी समजले जायचे, त्याची ही वसुली.

कर्नलसाहेबांचं तिसरं काडतूस राहिलंच होतं. त्यांनी विचारलं, "एक और?" मी म्हणालो, "नहीं साब. अब डर लग रहा है." त्यांनी मान हलवली, काडतूस खिशात घातलं, आणि गाडीकडे जाताना म्हणाले की त्यांनी स्वतः ती रायफल चार वर्षांत उडवलेली नाही, त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय.

ज्यांची पोरं, पुतणे सध्या ट्रेनिंगला आहेत किंवा जे अजून स्वतः उस्ताद आहेत, त्यांच्यासाठी: दहा राउंडांत दोन डमी पुरे होतात. कुठल्या नंबरला भरले ते फायररला सांगायचं नाही, आणि भरताना त्याची पाठ असावी. नळीच्या टोकाकडे बघा, कागदाकडे नाही. आणि पहिल्यांदा ती खाली गेली की गप्प राहा, दुसऱ्यांदा त्याला स्वतःला दिसू द्या.